भिंतीतले भोक

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही तीसएक वर्षे एकच उदाहरण शिकवीत आलो. कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघतो, तो शेजारच्या वस्तीत उतरतो, दोरीवर वाळत घातलेले कपडे काळवंडतात आणि ते पुन्हा धुण्याचा खर्च त्या घरांवर पडतो. कारखानदाराच्या खतावणीत मात्र या खर्चाला कोठेच जागा नसते. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात धुरामुळे शहरवासीयांवर पडणाऱ्या ज्या भुर्दंडांची नोंद केली, त्यांत कपडे धुण्याचा वाढीव खर्चही होता. तेव्हापासून धुराडे आणि धुणे ही जोडी पाठ्यपुस्तकांतून हललेली नाही. विद्यार्थ्यांना ती पटते, परीक्षेत ते ती लिहितात आणि आम्हीही गुण देऊन मोकळे होतो. निवृत्तीनंतर असोद्यास येऊन राहिल्यावर मात्र आमच्या ध्यानात आले की, या उदाहरणातला धुणे धुणाराच आता कारखानदार झाला आहे आणि त्याच्या कारखान्याला जे धुराडे असावयास हवे, तेच नेमके नाही.

असोद्याहून जळगावकडे सकाळी ज्या रिक्षा भरून जातात, त्यांतून पाचसहा बाया एका धुलाई कारखान्यात कामाला जातात. रुग्णालयांच्या चादरी, शस्त्रक्रियेची हिरवी कापडे, लॉजवरचे टॉवेल आणि अभ्रे तेथे यंत्रावर धुतले, पिळले आणि सुकवले जातात. कारखान्याचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. कारण दोष त्या एकट्याचा नाही, आणि त्याचा मालक आमचाच जुना विद्यार्थी आहे. आमच्या आळीतील एक सून तेथे सुकवणीवर काम करते. ती सायंकाळी परतते तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर, कानामागे पांढरी लव बसलेली असते; पिंजाऱ्याच्या दुकानातून उठून आल्यासारखी ती दिसते. खोकला सहा महिन्यांपासून आहे. "नाना, पंखा आहे ना तिथं," ती म्हणाली, "पण तो हवा तिथल्या तिथंच फिरवतो."

खानदेशातल्या माणसाच्या मनात येथे पहिला प्रश्न येईल तो असा की, आपल्याकडे सुकवणीचे यंत्र हवेच कशाला? मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, धाब्यावर टाकलेले धोतर दुसरे धुऊन होईपर्यंत कडक होते. प्रश्न रास्त आहे, आणि मालकालाही आम्ही तो विचारला. पण रुग्णालयाला चादर श्रावणातही लागते आणि भाद्रपदातही. शिवाय रस्त्याकडेला दोरीवर वाळलेल्या कापडावर जी धूळ बसते, ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर चालत नाही. तेव्हा यंत्र हवे, हे आम्ही मान्य करतो. यंत्राला विरोध करण्याचा आमच्या चळवळीचा पिंड नाही. यंत्राचा हिशेब पुरा मांडला जावा एवढेच आमचे म्हणणे.

तो हिशेब असा आहे. पन्नास किलो कोरड्या वजनाचे सुती कापड पिळणी यंत्रातून, ज्याला कामगार नुसते 'हायड्रो' म्हणतात, बाहेर निघते तेव्हा त्यात ढोबळमानाने पंचवीस लिटर पाणी उरलेले असते. सुकवणीचे यंत्र म्हणजे दुसरे काही नसून हे पाणी तापलेल्या हवेच्या खांद्यावर देऊन घराबाहेर पाठविण्याची सोय आहे. दिवसाला दहा फेऱ्या झाल्या की अडीचशे लिटर पाणी वाफ होऊन निघते. म्हणजे भरलेले एक मोठे पिंप आणि वर काही घागरी. त्यासोबत कापडातून सुटलेली सुताची लव निघते आणि यंत्र गॅसवर चालत असेल तर ज्योतीतले वायूही निघतात. हे सारे ज्या वाटेने जावयाचे ती पत्र्याची नळी, म्हणजेच डक्ट, चादरीच्या शुभ्रतेत काडीची भर घालीत नाही. यंत्र डक्टशिवायही फिरते, कापड डक्टशिवायही सुकते; जरा उशिरा सुकते इतकेच. ज्या वस्तूवाचून मालाचे काही अडत नाही आणि माणसाचे सर्व काही अडते, अशी ही वस्तू आहे.

त्या शेडला आरंभी डक्ट होता, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. यंत्र आले तेव्हा पत्रेकाम करणाऱ्याने मागची भिंत फोडून नळी बाहेर काढली होती. पण तिचे तोंड शेजारच्या घराच्या धाब्याकडे होते. उन्हाळा आला, शेजारच्या घरी पापड, कुरडया, शेवया वाळत पडल्या आणि त्यांवर लव उतरली. शेजारी वजनदार, जागेच्या मालकाचा आप्त. दोनदा शब्दाशब्दी झाली, तिसऱ्यांदा प्रकरण वरपर्यंत गेले. मालकाने मग भोकावर पत्रा ठोकला, नळी आतल्या आत छताखाली मोकळी सोडली आणि भिंतीवर एक फिरता पंखा बसविला. शेजाऱ्याचे समाधान झाले. वादावर पडदा पडला.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० साली सामाजिक खर्चाच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्यात एक मिठाईवाला आणि त्याच्या खलबत्त्याच्या आवाजाने त्रासलेला शेजारचा डॉक्टर यांची गोष्ट आहे. उपद्रव हा दोन्ही बाजूंनी पाहावयाचा असतो, आणि वाटाघाटीस खर्च नसेल तर दोघे मिळून स्वस्तातला तोडगा काढतील, असा त्यातला विचार. या विचाराची धार आम्ही नाकारीत नाही. नोबेल समितीने १९९१ साली तिचा गौरव केला आहे. पण असोद्याच्या रस्त्यावरील या शेडमध्ये वाटाघाट झालीच होती, आणि तोडगाही निघाला होता! फक्त त्या वाटाघाटीत पाचसहा बाया नव्हत्या. लव नाहीशी झाली नाही. ती पापडांवरून उठून बायांच्या श्वासात गेली. पापडांना धनी होता.

आता थोडे पत्रेकामाविषयी. आमच्या कार्यकर्त्यांना हा विषय नीरस वाटेल; पण डक्ट बसविला आहे एवढ्या उत्तरावर जो समाधान मानतो, तो हमखास फसतो, म्हणून हे सांगणे भाग आहे. नळी जस्ताच्या पत्र्याची, आतून गुळगुळीत हवी. जोड देताना आतल्या बाजूस स्क्रूची टोके निघाली तर प्रत्येक टोकाला लव अडकते, तिला आणखी लव चिकटते आणि वर्षभरात तेथे बोळा तयार होतो. प्रत्येक तुकड्याचे निमुळते तोंड हवा जाते त्या दिशेने पुढच्या तुकड्यात शिरले पाहिजे. कौले जशी उताराच्या दिशेने एकावर एक चढवितात, तसे. वळणे जितकी कमी तितकी बरी. काटकोनातले एक वळण हवेला कित्येक फूट सरळ नळीइतके जड जाते. आणि नळीचा व्यास यंत्राच्या तोंडापेक्षा कधीच लहान करू नये. बाजारात दहा इंची मिळाली नाही म्हणून आठ इंची लावली, हे आपल्याकडे सर्रास घडते. दिसावयास फरक दोनच इंचांचा. परंतु क्षेत्रफळ एकतृतीयांशाहून अधिक घटते, आणि तेवढीच हवा त्यातून जावयाची तर घर्षणाचा विरोध सुमारे तिप्पट होतो. यंत्रातला पंखा असा विरोध सोसण्यासाठी केलेला नसतो. पाण्याच्या काही मिलिमीटर उंचीइतकाच दाब तो पेलतो. तो हरला की हवा मंदावते, कापड ओलेच राहते, ज्योत अधिक वेळ पेटती ठेवावी लागते आणि सांध्यासांध्यांतून वाफ आत येऊ लागते.

नळीच्या बाहेरच्या तोंडावर चिमण्या शिरू नयेत म्हणून जाळी ठोकण्याची हौस अनेकांना असते. ती जाळी आठवड्यात लवेने लिंपली जाते. जाळीची जागा तेथे नव्हेच. लव धरावयाची ती वाटेत, ऐसपैस पेटीत, जिचे दार उघडून रोज हाताने साफ करता येईल अशा ठिकाणी. लांब नळीला ठरावीक अंतरावर साफसफाईची झाकणे हवीत, लाकडी वाशांपासून ती दूर हवी आणि तिचे तोंड छपराच्या वर, कोणाच्या खिडकीत वा धाब्यावर नव्हे, असे निघावयास हवे. त्या शेजाऱ्याच्या कुरडया वाचविण्याचा उपाय हा होता. नळी पाचसात फूट उंच न्यावयाची आणि वाटेत एक लवपेटी बसवावयाची. चार दिवसांचे काम, आणि यंत्राच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ. भोकावर पत्रा ठोकणे अर्थातच त्याहून स्वस्त पडले.

आणखी एक गोष्ट, जी जाणते मिस्त्रीही विसरतात. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते. पन्नास किलोचे यंत्र मिनिटाला हजार घनफूट किंवा त्याहूनही अधिक हवा फेकते. चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद आणि चौदा फूट उंच अशा शेडमध्ये एकूण हवा चौदा हजार घनफूट. म्हणजे चौदा मिनिटांत सारी शेड रिकामी व्हावी! ती होत नाही, कारण फटीफटींतून हवा आत ओढली जाते. पण चोरीच्या भयाने शटर खाली ओढलेले आणि धुळीच्या भयाने खिडक्या बंद असतील, तर यंत्र उपाशी राहते. गॅसच्या यंत्राला हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते. बाया म्हणतात, उन्हाचे झाले असेल. म्हणून डक्टचे भोक पाडताना ताज्या हवेची मोठी झडपही त्याच वेळी भिंतीत बसवावी लागते. एका भोकाचा खर्च टाळणारा मालक दुसऱ्या भोकाचा खर्च करील, अशी आशा आम्ही बाळगत नाही.

आगीचा धोका वेगळा सांगावयास नको. सुताची लव म्हणजे जवळजवळ कापूसच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातील घरगुती आगींचा अभ्यास केला, तेव्हा कपडे सुकविण्याच्या यंत्रांमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागतात आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण लवेची सफाई न करणे हे आहे, असे आढळले. ही गोष्ट घरगुती यंत्रांची, जी दिवसातून एकदा चालतात. आमच्या शेडमधले यंत्र दहादा चालते, आणि त्याच्या वर, कैच्यांच्या अँगलवर, बोटभर जाडीचा लवेचा थर आम्ही स्वतः पाहिला आहे.

खानदेशाने कापसाच्या या लवेची ओळख नव्याने करून घ्यावी असे नाही. जळगावची खानदेश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल यांचे साचे केव्हाच थांबले. परंतु त्यांच्या कार्डिंग खात्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या म्हाताऱ्यांचा खोकला ज्यांनी ऐकला आहे, त्यांस हे पटेल. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकारास बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, ही त्याची खूण. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्यांची खबर देणे बंधनकारक अशा रोगांच्या यादीत, तो होता. येथे आम्ही एक सावधगिरीचा शब्द सांगतो, कारण आपल्या बाजूची अतिशयोक्ती शेवटी आपल्यावरच उलटते. धुलाई कारखान्यातली लव ही कच्च्या कापसाची धूळ नव्हे. बोंडाचा, पानाचा जो कचरा हा विकार उत्पन्न करतो, तो त्या चादरीतून पूर्वीच निघून गेलेला असतो. अमेरिकेच्या १९७८ च्या कापूसधूळ नियमातही धुतलेल्या कापसास पुढे काही सवलत देण्यात आली. तेव्हा आमच्या सुनेला बिसिनोसिस झाला आहे असे कोणी भाषणात ठोकून देऊ नये. तिला खोकला आहे, ती लव गिळते आहे, आणि बंद शेडमध्ये अडीचशे लिटर पाण्याच्या वाफेत आठ तास उभी राहते आहे. तक्रारीस एवढे पुरे नाही काय?

कायद्यास ते पुरे होते. कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमाने रोग सिद्ध करण्याची अट कधीच घातली नव्हती. कामगारास अपायकारक वा त्रासदायक अशी धूळ, धूर असेल, किंवा कोणतीही धूळ मोठ्या प्रमाणात उठत असेल, तर ती श्वासात जाऊ नये याची व्यवस्था मालकाने करावी. त्यासाठी हवा ओढून घेणारे साधन लागत असेल तर ते धूळ जेथे उठते त्याच्या शक्य तितके जवळ असावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असे ते कलम सांगत होते. भिंतीवरचा फिरता पंखा या वर्णनात कोठेच बसत नाही. 'उत्पादन प्रक्रिया' या शब्दांच्या व्याख्येत धुणे आणि स्वच्छ करणे यांचा स्पष्ट उल्लेख होता आणि यंत्रशक्तीवर दहा कामगार असले की ती जागा कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली, आणि कारखान्याच्या व्याख्येतील दहाचा आकडा वीस झाला. आमच्या शेडमध्ये चौदा माणसे आहेत. दहा कामगार असलेल्या आस्थापनांवर संहितेने सर्वसाधारण कर्तव्ये ठेवली आहेत, हे खरे. पण 'कारखाना' या नात्याने तिच्याकडे पाहण्याचा मार्ग बंद झाला. भिंतीतले भोक मालकाने बुजविले. कायद्यातले भोक मात्र रुंद झाले.

डक्टने इंधन वाचते, यंत्राचे आयुष्य वाढते, म्हणून तो मालकाच्याच फायद्याचा आहे, असा युक्तिवाद आमच्या काही मित्रांनी सुचविला. तो खोटा नाही आणि मालकाशी बोलताना वापरण्यास हरकतही नाही. पण सारी मागणी त्यावर उभी करणे आम्हांस मान्य नाही. ज्या दिवशी इंधन स्वस्त होईल त्या दिवशी बायांचा श्वासही स्वस्त होईल. याच प्रश्नावर अमेरिकेतील कापडगिरण्यांचे मालक तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले होते. कापसाच्या धुळीवरील नियमांचा खर्च त्यांच्या लाभाशी तोलून पाहिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने १९८१ साली ते फेटाळले. जे करणे शक्य आहे ते करावेच लागेल, कारण कामगाराचे आरोग्य इतर विचारांच्या वर ठेवण्याचा तोल विधिमंडळाने कायदा करतानाच साधून ठेवला आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरातील न्यायालयाने हे म्हणावे, याचा अर्थशास्त्राच्या आम्हां शिक्षकांस थोडा संकोच वाटावयास हवा.

मालकाशी आम्ही सविस्तर बोललो. तो वाईट मनुष्य नाही. "सर, रुग्णालयाच्या कंत्राटात किलोमागे दर लागतो. मी डक्ट धरून दर भरला तर न धरणारा माझ्याखाली येतो," असे तो म्हणाला, आणि त्यास उत्तर देणे आम्हांस कठीण गेले. जेथे रुग्णालय स्वतःच यंत्र घेते तेथे प्रकार निराळा, पण परिणाम तोच. यंत्राची खरेदी एका लेखाशीर्षाखाली, इमारतीचे काम दुसऱ्या. यंत्रवाला म्हणतो, भिंत फोडणे आमचे काम नव्हे. बांधकामवाला म्हणतो, नकाशात नळी दाखविलेली नाही. डक्ट कोणत्याच शीर्षाखाली येत नाही. उद्घाटनास नारळ फुटतो तेव्हा यंत्राच्या पाठीमागचे गोल तोंड उघडेच असते, आणि छायाचित्रात यंत्राची पाठ येत नाही.

आपल्या संघटनांनाही येथे दोषाचा वाटा घ्यावा लागेल. किमान वेतन, बोनस, कायम करणे यांच्या मागण्या आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. श्वासाची मागणी आपल्या पत्रकांत सातव्या-आठव्या क्रमांकावर असते आणि तडजोडीत प्रथम तीच गळते. आमचे कार्यकर्ते रुग्ण कल्याण समित्यांवर आहेत, नगरपालिकांत आहेत. धुलाईच्या निविदेचा मसुदा पुढे येईल तेव्हा किलोच्या दराखाली डक्ट, लवपेटी आणि ताज्या हवेची झडप ही तीन कामे स्वतंत्र ओळीत मागितली आहेत की नाहीत, आणि ती पाहून सही करावयाची कोणी, एवढे त्यांनी विचारावे. सर्वांनाच ती ओळ भरावी लागली तर कोणी कोणाच्या खाली येणार नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या कंत्राटाची मुदत या महिनाअखेर संपते. या वेळी ती ओळ आपण मागितली नसतानाही लिहून पाठवू आणि दर कमी पडला तरी पाहू, असे तो म्हणाला आहे. शेजाऱ्याशी नळीच्या उंचीविषयी बोलणे त्याने आमच्यावर सोपविले. रविवारी आम्ही जाणार आहोत, आणि आळीतल्या त्या सुनेलाही बरोबर येण्यास सांगितले आहे.